बांधलेले कान

आमच्या घरात मूल जन्मलं की त्याचं डोकं घडवतात. राईचे दाणे भरलेल्या मऊ उशीवर बाळाला निजवायचं, म्हणजे उशी डोक्याभोवती आपोआप बसते. न्हाऊ घातल्यावर तेलाच्या कोमट हाताने कपाळ, टाळू, मागची बाजू दाबत आणायची. कान मागे चेपायचे आणि वरून टोपरं घट्ट बांधायचं. त्यामुळे आमच्याकडची सगळी डोकी एका साच्यातली दिसतात. गोल, आणि कान इतके चिकटलेले की मागून पाहिलं तर सापडत नाहीत.

माझं तसं झालं नाही. मला जन्म देऊन आई आजारी पडली ती उठलीच नाही. त्या धांदलीत मला ज्या कुशीवर ठेवलं त्याच कुशीवर मी पडून राहिले. माझं डोकं मागून डावीकडे चपटं आहे. कान बाहेर आलेले आहेत, डाव्यापेक्षा उजवा जास्त. पुढे मामांनी मला मुंबईला नेलं आणि नन्सच्या इंग्रजी शाळेत घातलं. तिथे सगळ्यांचे कान उघडे असत आणि कुणी कुणाचे पाहत नसे. निदान मला तसं वाटायचं.

शाळा संपल्यावर, सतराव्या वर्षी, मी शहाद्याला परत आले. आमचा कापसाचा व्यापार. पुढे पेढी, मागे घर. घरात मारवाडी, गल्लीत अहिराणी, आणि माझ्या डोक्यात इंग्रजी. या तिन्हींच्या मध्ये गप्प बसणं सगळ्यात सोपं होतं, आणि मी ते मन लावून करत असे. हे मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत लिहिलं तर घरात कुणी वाचणार नाही. त्यांनी वाचावं अशी माझी इच्छा आहे.

घर बडीमाँच्या हातात होतं. बडीमाँ म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. काका वारल्यावरही किल्ल्या तिच्याच कमरेला राहिल्या. मी आले त्या दिवशी तिने मला उजेडात उभं केलं, डोक्यावरची ओढणी मागे सारली आणि एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून पाहिलं.

"रंग आईचा," ती म्हणाली. "नाक आपलं. कान मात्र कढईचे."

काही महिन्यांनी खापर गावच्या एका घरातून लग्नाची विचारणा आली. किराणा, धान्य, आठवड्याच्या बाजारात मोठं दुकान. मुलगा मॅट्रिक. बापूजींनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला काही विचारलं नाही, पण त्या रात्री जेवताना त्यांनी मला स्वतःच्या हाताने तूप वाढलं, तेव्हा मला कळलं. बडीमाँ दुसऱ्याच दिवशी मलमलीच्या पट्ट्या फाडायला बसली.

"बाळपणी राहिलं ते आता करू," ती म्हणाली. "हाड नाही कानात. वळतो."

तिने कान तेल लावून मागे चेपले आणि डोक्याभोवती पट्टीचे वेढे दिले. भोकासमोर कात्रीने खाच पाडली. मी तेवढ्यात धीर करून म्हटलं, "ऐकू येणार नाही मला."

"ऐकायला भोक लागतं. बाकीचा कान देवाने डूल लटकवायला दिला आहे."

पट्टी रात्रंदिवस ठेवायची. न्हाताना सोडायची. वरून ओढणी, म्हणजे बाहेरच्यांना काही दिसायचं नाही.

पहिले काही दिवस मला वाटलं, आपल्याला चक्कर येते आहे. आवाज सगळे ऐकू येत होते, पण ते आपापल्या जागेवर नव्हते. आमच्याकडे पाणी भरायला येणारी बाई धाब्यावर, म्हणजे आमच्या सपाट मातीच्या छतावर, वाळवण घालायची. तिने वरून हाक मारली की मी अंगणातल्या रांजणाकडे बघायची.

"बाई, मी वर शे," ती हसायची. "खाले काय देखस? रांजणमा बसेल शे का मी?"

मागून कुणी बोललं की मी समोर बघायची. समोर पेढीचं दार असे आणि दारात कुणी नसे. घरच्यांना वाटलं मी रुसले आहे. रुसले होतेच, पण ती गोष्ट वेगळी.

मला बोलता येत नाही तेव्हा मी बघत बसते. हे काय होतं आहे ते मी बघू लागले. उजवं-डावं चुकत नव्हतं. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला जरा आधी आणि जरा मोठा लागतो, कारण मध्ये माझं डोकं आडवं येतं. ते चपटं असलं तरी आडवं यायला पुरेसं आहे. तेवढं पट्टीतूनही कळत होतं. हरवलं होतं ते पुढचं-मागचं आणि वरचं-खालचं. जी गोष्ट दोन्ही कानांपासून सारख्याच अंतरावर आहे, तिची जागा कळायला दोन कान असण्याचा काय उपयोग? तिथे एकेका कानालाच काहीतरी ठाऊक असलं पाहिजे. शाळेतल्या पुस्तकात बाहेरचा कान म्हणजे आवाज गोळा करणारं नरसाळं, एवढंच होतं. नरसाळ्याला इतक्या घड्या कशाला, हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

न्हाणीत पट्टी सोडली की सगळं क्षणात जागेवर यायचं. भिंतीपलीकडे चिमण्या, मागे चूल, वर धाब्यावर पाण्याच्या बाईच्या पाटल्या. मग एका दुपारी सगळे निजले असताना मी परातीतली थोडी कणीक घेतली, पट्टी सोडली आणि कानांच्या घड्या कणकेने भरून टाकल्या. भोक उघडं ठेवलं. डोळे मिटून बसले. कावळा ओरडला. आवाज तितकाच मोठा होता, पण कावळा कुठे होता ते मला सांगता येईना. डोळे उघडले तर तो बरोबर माझ्या डोक्यावर, धाब्याच्या कडेला. मी कणीक काढली आणि त्याची वाट बघत बसले. पुन्हा ओरडला तेव्हा मी मान वर न करता त्याच्याकडे बोट दाखवलं. बोट वर करून बसलेल्या मला पाहून बडीमाँ काय म्हणाली असती, कोण जाणे.

हे मी फक्त भाईसांना सांगितलं. भाईसा म्हणजे बडीमाँचा मुलगा, माझ्याहून बराच मोठा. त्यांनी सुरतेहून एक जुना रेडिओ आणला होता, मोटारीच्या बॅटरीवर चालणारा. त्याचा भोंगा फाटलेला होता, म्हणून ते कानाला लावायचे फोन वापरत आणि लढाईच्या बातम्या एकटेच ऐकत. लोक पेढीवर येऊन त्यांना विचारत आणि ते थोडं स्वतःचंही घालून सांगत.

"फोन लावून बघ," ते म्हणाले.

मी पट्टी सोडून फोन लावले. बातम्या देणारा माणूस मुंबईत नव्हता, खोलीतही नव्हता. तो माझ्या डोक्याच्या आत, दोन्ही कानांच्या बरोबर मध्ये बसून बोलत होता. मी फोन झटकन काढले.

"कुठे आहे तो?" भाईसांनी विचारलं.

"आत."

"माझ्याही आतच असतो. मी समजत होतो बॅटरी कमी पडते."

आम्ही दोघं खूप हसलो. मग मी त्यांना कणकेचं सांगितलं. खोलीतला माणूस बोलतो तेव्हा त्याचा आवाज आधी डोक्याला, खांद्यांना, कानाच्या घड्यांना घासून येतो, आणि त्या घासण्यातून तो कुठे आहे ते कळतं. फोन भोकावरच बसतात. घासायला वाट राहत नाही, मग त्या माणसाला उभं राहायला बाहेर जागाच नाही.

भाईसांनी फोन उलटसुलट करून पाहिले. "म्हणजे तो आवाज आधीच घासून पाठवला, घड्या पाडून, तर तो खोलीत उभा राहील?"

"राहील. पण माझ्या घड्या वेगळ्या, तुमच्या वेगळ्या. माझ्यासाठी घासलेला तुम्हाला लावला तर तो भलतीकडेच उभा राहील."

"मग तुझे कान चेपले तर?"

मी पट्टी पुन्हा बांधायला घेतली. ते त्यांना कळलं होतं. पण बडीमाँला सांगायची छाती त्यांना नव्हती, आणि तोवर मलाही नव्हती.

खापरचे लोक आले ते दुपारी. मुलाची आई आणि त्याची भुवासा, म्हणजे वडिलांची थोरली बहीण. बोलायचा अधिकार भुवासांचा. बडीमाँने पट्टी सोडली नाही. सोडली असती तर कान पुन्हा उभे राहिले असते. ओढणी कपाळापर्यंत ओढून तिने मला पाटावर बसवलं.

आमच्यात मुलगी पाहताना तिला चालवतात, सुई ओवायला देतात, आणि मागून हळू आवाजात काहीतरी विचारतात. मुलगी ऐकते का, आणि हळू विचारलेल्याला हळूच उत्तर देते का, हे त्यात कळतं. घरोघरी सगळ्यांना हे ठाऊक असतं. मी मात्र मुंबईत वाढलेली. मला कुणी सांगितलं नव्हतं.

भुवासा कधी उठल्या, माझ्या पाठीमागे कधी गेल्या, कळलं नाही. "बाई, कितवी झाली?" असा आवाज आला. मला तो समोरून आला. मी समोर बसलेल्या मुलाच्या आईला सांगितलं, "मॅट्रिक." तिने तर तोंडही उघडलं नव्हतं. ती दचकली. मग माडीच्या जिन्यावरून, "बाई, इकडे बघ," असं ऐकू आलं आणि मी चुलीकडे पाहिलं. तिथे पाण्याची बाई भांडी विसळत होती. तिने मला डोळ्यांनी वर, वर, अशी खूण केली. ती खूण सगळ्यांनीच पाहिली.

त्यांनी सरबत घेतलं, गूळ घेतला नाही. गूळ घेतला नाही म्हणजे नकार. दोन दिवसांनी निरोप आला: मुलगी गुणी आहे, कानांत दोष असेल तर वैद्याला दाखवा. आठवडाभरात बाजारात बोभाटा झाला, शहाद्याच्या कापूसवाल्यांची पोरगी बहिरी आहे.

लग्न मोडल्याचं मला काही वाटलं नाही, खरंच सांगते. पण त्या शब्दाने मी जळले. मी आयुष्यभर कमी बोलले आहे ते ऐकण्याच्या जिवावर. ऐकणं तेवढं माझं होतं.

बडीमाँ पट्टीला दोष द्यायला तयार नव्हती. "नवीन नवीन असं होतं," ती म्हणाली. "सवय होईल. मला नाही झाली? नथीची झाली, घुंघटाची झाली, या घराची झाली."

मध्यंतरी एकदा बापूजींबरोबर मी लोणखेड्याच्या शेताकडे निघाले होते. कापसाची सरकी काढतात त्या जिनिंगजवळच्या बोळात घुंगरं वाजली. मला ती समोरून आली, म्हणून मी वाट द्यायला मागे सरकले, आणि मागूनच कापसाची गाडी येत होती. बापूजींनी दंडाला धरून मला भिंतीशी ओढलं. गाडीवाला बैल आवरत ओरडला, "कान शेतस का नही तुले, बाई?"

"शेतस," बापूजी त्याला म्हणाले. मग त्यांनी माझ्या ओढणीकडे पाहिलं, तिच्याखालच्या फुगवट्याकडे. शेतापर्यंत त्यांनी माझा दंड सोडला नाही. घरी येऊन त्यांनी खापरला निरोप धाडला की कापसाच्या कामाला शहाद्याला येणं होईल तेव्हा घरी या आणि मुलीला पुन्हा बघा. लग्नाचं राहू द्या, पण बहिरी हा शब्द मागे घ्यायचा की नाही ते ठरवा.

आणि मग एका सकाळी पाण्याच्या बाईने धाब्यावरून हाक मारली आणि मी थेट वर पाहिलं. पट्टी बांधलेली असताना.

बडीमाँने ते बघितलं. तिला इतका आनंद झाला की तिने माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "बघ. झाली ना सवय?"

झाली होती. मी दिवसभर तपासलं. पट्टीत राहून राहून माझ्या डोक्याने त्या चेपलेल्या कानांची नवी रीत शिकून घेतली होती. पुढचं पुढे, मागचं मागे, जवळजवळ सगळं जागेवर आलं होतं. न्हाणीत पट्टी सोडली तेव्हा मोकळ्या कानांचं जुनंही शाबूत होतं, काही विसरले नव्हते. मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. मी न्हाणीच्या दगडावर बसून राहिले, आणि मला भीती वाटली ती तेव्हा पहिल्यांदा. मला न विचारता माझं डोकं पट्टी बांधणाऱ्यांच्या बाजूला गेलं होतं. असंच एकेक शिकत गेले तर एक दिवस बडीमाँसारखी सवयींची यादी म्हणून दाखवीन, आणि तीही अशीच अभिमानाने.

आणखी एक झालं. ऐकू येत नाही, म्हणून बांधू नका, असं म्हणायची माझी सोयच गेली. आता ऐकू येत होतं. आता नको म्हणायचं तर नुसतंच नको म्हणावं लागणार होतं.

खापरचे लोक पुन्हा आले त्या दिवशी बडीमाँ पट्टी घेऊन आली. मी न्हाऊन, केस विंचरून बसले होते.

"मी बांधणार नाही."

"अगं, आता तर सगळं जुळलं आहे. कानही बसले, ऐकूही येतं. आजच कशाला?"

"आजच."

"ओढणी तरी पुढे घे."

"ओढणी कानांच्या मागून घेईन. डोकं झाकलेलं असेल."

"कान दिसतील."

"हो."

तिने बापूजींना हाक मारली. ते दारात आले. बडीमाँ म्हणाली, "भावजी, सांगा हिला. मुंबईचं वारं आहे हे."

बापूजी घसा साफ करून म्हणाले, "भाभीसा, तेवढ्यासाठीच त्यांना बोलावलं आहे. बघू द्या." मग ते लगेच पेढीवर निघून गेले. त्यांच्या स्वभावाला एवढं पुष्कळ होतं.

मी बाहेर जाऊन पाटावर बसले. भुवासांनी आधी माझे कान पाहिले, मग बडीमाँकडे पाहिलं. कुणी बोलायच्या आत मीच बोलले.

"मी डोळे मिटते. तुम्ही कुठूनही बोला, हळू बोला. मी बोट दाखवते."

मुलाची आई कानकोंडी झाली. भुवासांना मात्र खेळ आवडला असावा. त्या उठल्या. पायातली कडी हाताने धरून चालल्या असणार, कारण पावलं वाजली नाहीत.

"बाई, इथे." मागे, उजवीकडे. मी दाखवलं.

"आता?" समोर. दाखवलं.

मग बराच वेळ काही नाही. मग जिन्यावरून, अगदी पुटपुटल्यासारखं, "ही तर पोपटासारखी शिकवलेली दिसते." मी जिन्याच्या वरच्या पायरीकडे बोट केलं आणि म्हटलं, "शिकवलेली नाही."

पाण्याची बाई चुलीपाशी फिसकन हसली. मी तिच्याकडेही बोट दाखवलं.

भुवासा धापा टाकत खाली येऊन बसल्या. "ऐकू येतं हिला. हवं त्याहून जास्त येतं. मग त्या दिवशी काय झालं होतं?"

बडीमाँने मान खाली घातली. मी म्हटलं, "त्या दिवशी कान बांधले होते. दिसू नयेत म्हणून."

"हं," भुवासा म्हणाल्या. त्यांना राग आलेला नव्हता. त्यांनी गुळाच्या वाटीकडे हात नेला. "बाजारात मी सांगेन माझ्या तोंडाने, मुलगी ऐकते. लग्नाचंही बघू. मुलगी हुशार आहे. कान तेवढे लग्नापर्यंत बांधत चला, फोटो काढायचे असतात. सवय होईल तिला."

"सवय झाली आहे," मी म्हटलं. "बांधूनही आता बरोबर ऐकू येतं मला. तरी बांधणार नाही. लग्नाआधी नाही, नंतरही नाही."

त्यांचा हात वाटीवर थांबला. त्यांनी मला नीट पाहिलं, माणूस माणसाला पाहतो तसं, आणि हात मागे घेतला. पण जाताना उंबऱ्यात थांबून त्या बडीमाँला मोठ्याने, पेढीवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कानांत काही दोष नाही तुमच्या मुलीच्या. दोष असेल तर तोंडात आहे." बाजारात सांगायचा शब्दही त्यांनी पाळला. पुढच्या बाजारापासून मला बहिरी कुणी म्हटलं नाही. तोंडाळ म्हणू लागले. न बोलणाऱ्या मुलीला ते म्हणावं याची मला गंमत वाटते.

त्यांची गाडी गल्लीतून वळून गेली तेव्हा मी अजून पाटावरच होते. मागून बडीमाँचा आवाज आला, बारीक, "आता कोण करून घेईल तुला?" आवाज डावीकडून, खालून, ओलसर येत होता. ती रांजणाजवळ जमिनीवर बसली आहे आणि तोंड भिंतीकडे आहे, हे मला वळून न बघता कळलं. मी उठले, तिच्याजवळ जाऊन बसले. ओढणी होती तशीच कानांच्या मागे राहू दिली.